विनामूल्य प्रशिक्षण आणि त्याची परतफेड
(संगीत व नृत्य ह्या विषयांच्या शिक्षक-कार्यशाळांसंबंधी)

संगीत व नृत्य शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी विनामूल्य कार्यशाळा भरणार असल्याचे पत्र शाळेत आले, म्हणजे त्याची वाट बहुधा ठरलेली असते. मुख्याध्यापक ते वाचतात, सहकाऱ्यांना दाखवितात, आणि त्यावर तीनपैकी एक उत्तर मिळते. कोणी म्हणतो, “मला गाता येत नाही, मी जाऊन काय करणार?” कोणी विचारतो, “मी गेलो तर माझा वर्ग कोण पाहील?” तिसरा हसून म्हणतो, “जे फुकट मिळते त्याची किंमत तेवढीच असायची.” पत्र नस्तीत जाते आणि नाव पाठविण्याची मुदत निघून जाते.

ह्या तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. म्हणूनच त्यांचा विचार टाळून चालणार नाही. प्रस्तुत लेखात अशा प्रशिक्षणाची परंपरा कोणती, त्यात प्रत्यक्ष काय शिकवितात, आणि तेथे जाऊन आलेल्या शिक्षकावर कोणते ऋण राहते, ह्याचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

“मला गाता येत नाही”

खेड्यातील प्राथमिक शाळेत संगीतासाठी वेगळा शिक्षक बहुतेक ठिकाणी नसतो. जो गणित शिकवितो, तोच परिसर अभ्यास शिकवितो आणि तोच सकाळच्या परिपाठाला प्रार्थना सांगतो. त्यामुळे संगीत-शिक्षकांची कार्यशाळा म्हणजे दुसऱ्या कोणासाठी, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु गाणे म्हणविणारा आणि लेझीम बसविणारा शिक्षक आपल्या शाळेत तोच आहे. तेव्हा ती कार्यशाळा त्याच्यासाठीच आहे.

“मला गाता येत नाही” हे वाक्य कोठून येते, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेकांच्या बाबतीत त्याचा उगम बालपणी सापडेल. स्नेहसंमेलनाची तयारी चाललेली असते. गुरुजी रांगेतून कान देत फिरतात आणि एका मुलापाशी थांबून म्हणतात, “तू नुसते ओठ हलव.” त्या वेळी गुरुजींना समूहगीत बिघडू द्यायचे नसते, त्यांच्या मनात दुष्टपणा मुळीच नसतो. पण सात-आठ वर्षांचे ते मूल जे शिकते ते एवढेच, की आपला आवाज लोकांपुढे काढण्याजोगा नाही. ते मोठे होते, कदाचित स्वतः शिक्षक होते, आणि आपल्या वर्गात गाणे म्हणायची वेळ आली की भ्रमणध्वनीवरचे गीत लावून बाजूला उभे राहते. अशा रीतीने एका पिढीतील मौन दुसऱ्या पिढीला वारशाने मिळते. प्रशिक्षणाचे पहिले काम हे मौन मोडण्याचे आहे.

वास्तविक, फार थोड्या व्यक्तींना स्वरांतील भेद मुळातच कळत नाही. बाकीच्यांचा स्वर लागत नाही, कारण त्यांना ऐकण्याची सवय नसते, किंवा गाण्याची पट्टी त्यांच्या गळ्याला सोयीची नसते. ह्या दोन्ही गोष्टी सरावाने सुधारतात. त्यामुळे कार्यशाळेतून कोणी गवई होऊन परत येईल अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. वर्गाला एक साधे गीत नीट सांगता यावे, एवढीच अपेक्षा असते आणि ती पुरी होण्याजोगी आहे.

परंपरा : उपदेशक वर्ग

संगीत-शिक्षकांना विनामूल्य तयार करण्याची कल्पना आजची नाही. तिच्या आद्य प्रवर्तकांत महाराष्ट्राच्याच एका पुत्राची गणना होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी दारूच्या आतषबाजीत त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षणाची वाट खुंटली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. त्या काळी विद्या मिळवावयाची तर गुरूच्या घरी राहून सेवा करावी लागे, आणि गायकाला समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती.

ही स्थिती पालटावी म्हणून पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या प्राप्तीवर त्यांनी ते चालविले. १९०८ मध्ये मुंबईस शाखा निघाली. ठराविक अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, स्वरलिपी आणि परीक्षा ह्यांची जोड देऊन त्यांनी संगीत वर्गात बसून शिकता येईल असे केले.

परंतु विद्यालये काढली तरी त्यांत शिकविणार कोण, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ चालविला. ह्या वर्गातील विद्यार्थ्यांना संस्थेतच ठेवून घेत व विनाशुल्क शिकवीत. ह्या विद्यार्थ्यांनी पुढे संगीताचा प्रसार करावा, हा त्यातील हेतू होता. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे पलुसकरांचे शिष्य. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. देवधरांनी मुंबईस संगीत विद्यालय चालविले. ओंकारनाथांनी पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत-शिक्षणाची धुरा वाहिली. पलुसकरांची मुंबईतील इमारत कर्जापायी हातची गेली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे देहावसान झाले. इमारत राहिली नाही. पण शिक्षक तयार झाले होते, म्हणून कार्य राहिले.

ह्याच काळातील दुसरे उदाहरण पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे. ग्वाल्हेर येथे १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी तेथील काही गायकांना मुंबईस भातखंडे यांच्याकडे पाठवून स्वरलिपीचे व अध्यापनपद्धतीचे शिक्षण देवविण्यात आले. ग्वाल्हेर हे तर ख्याल-गायकीचे माहेरघर! तेथील गायकांना गाणे शिकविण्याची गरज नव्हती. गरज होती ती अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी, क्रमाने आणि लिहून कसे शिकवावे हे समजण्याची.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. उत्तम गाता येणे म्हणजे शिकविता येणे नव्हे. शिकविण्याची विद्या वेगळी असून ती प्रशिक्षणानेच येते. आणि विनामूल्य प्रशिक्षण म्हणजे दान नव्हे. शिकणाऱ्याने शुल्क दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते शुल्क त्याने पुढे आपल्या विद्यार्थ्यांना द्यावयाचे असते. ‘फुकट’ आणि ‘विनामूल्य’ ह्या दोन शब्दांतील अंतर ते हेच.

आजची सोय

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या प्रकारची जबाबदारी शासनाने आपल्याकडे घेतली. केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत ‘सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र’ ही स्वायत्त संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. तिच्या उभारणीत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि कपिला वात्स्यायन ह्या दोन विदुषींचा वाटा मोठा होता. संस्थेचे मुख्यालय नवी दिल्ली येथे असून उदयपूर, हैदराबाद व गुवाहाटी येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत.

येथील वर्ग प्रामुख्याने सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असतात, आणि शिक्षक कोणत्या विषयाचा आहे ह्यावर प्रवेश अडत नाही. शास्त्रीय नृत्य व संगीत यांची सप्रयोग व्याख्याने, निरनिराळ्या भारतीय भाषांतील समूहगीते, बाहुल्यांचा खेळ, मातीकाम व इतर हस्तकला, ऐतिहासिक वास्तूंची भेट असा त्यांचा साधारण आराखडा असतो. शिक्षकांची नावे राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत जातात. म्हणून ज्यांना जावयाचे असेल त्यांनी केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे आपली इच्छा लेखी नोंदवून ठेवणे इष्ट. पत्र आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. वर्गाची मुदत, निवासाची व्यवस्था आणि प्रवासखर्चाचे नियम त्या त्या पत्रात दिलेले असतात. ते निघण्यापूर्वी नीट वाचावेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने आपल्या व्यावसायिक विकासासाठी दरवर्षी किमान ५० तास द्यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आहे, आणि कला ही अभ्यासक्रमाबाहेरची गोष्ट मानू नये, असेही त्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा संगीत-नृत्याच्या कार्यशाळेस जाणे ही हौस नसून तो आपल्या कामाचाच भाग होय.

तेथे काय शिकावे

कार्यशाळेत पुष्कळ गोष्टी कानांवरून जातात. त्यांपैकी प्राथमिक शिक्षकाने चार गोष्टी आवर्जून पदरात पाडून घ्याव्यात.

पहिली, पट्टी. शिक्षक आपल्या गळ्याला सोयीच्या स्वरात गाणे सुरू करतो आणि मुलांना ते झेपत नाही, हा नित्याचा अनुभव आहे. मुले एकतर घशातून ओरडतात, नाहीतर पुटपुटतात, आणि दोष त्यांच्या माथी येतो. गीतातील सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर आधी मुलांकडून म्हणवून पाहावा. दोन्ही सहज लागले म्हणजे पट्टी योग्य. पेटी नसली तरी ही परीक्षा करता येते.

दुसरी, लय आणि ताल. दादरा हा सहा मात्रांचा ताल. त्याचे तीन-तीन मात्रांचे दोन विभाग पडतात. केरवा आठ मात्रांचा. त्याचे चार-चारांचे दोन विभाग. मुलांची पुष्कळशी गीते ह्या दोन तालांत बसतात. पहिल्या मात्रेवर टाळी आणि दुसऱ्या विभागाच्या आरंभी हात उघडा टाकून खाली दाखविली, की तबल्यावाचून ताल चालतो. ज्या मुलाचा स्वर अजून लागत नाही, ते मूल ताल मात्र उत्तम धरते, असे अनेकदा आढळेल. त्याला ओठ हलवायला सांगण्याऐवजी टाळीची नायकी द्यावी.

तिसरी, स्वरलिपी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब आणि तार सप्तकासाठी स्वरावर टिंब देतात. समेला गुणाकाराचे चिन्ह आणि खालीला शून्य लिहितात. एवढी चिन्हे एका बैठकीत समजतात. त्यांचा लाभ असा, की कार्यशाळेत ऐकलेली चाल महिन्याभराने विसरली तरी वहीत ती जशीच्या तशी सापडते. ध्वनिमुद्रण जवळ असले तरी लिहिलेली चाल फळ्यावर मांडता येते, आणि मुलांना स्वर डोळ्यांनी दिसतो.

चौथी, हालचालींचा क्रम. नृत्य म्हणजे चित्रपटातील गीतावर बसविलेला नाच, अशी समजूत अलीकडे पसरली आहे. मुलांच्या नृत्याचा आरंभ चालण्यापासून करावा. प्रथम लयीत चालणे, मग चालता चालता टाळी, नंतर दिशा पालटणे, पुढे जोडीने फेर धरणे आणि शेवटी गीताची जोड. झिम्मा, फुगडी, टिपऱ्या, लेझीम ह्या सगळ्यांत हाच क्रम दडलेला आहे. डहाणू-जव्हारकडे तारप्याच्या सुरावर जो फेर चालतो, त्यातही पावलांचा ठेका आधी आणि सजावट नंतर. आपल्या गावचा खेळ घेऊन त्याच्या पायऱ्या पाडणे ज्याला जमले, त्याला नृत्य शिकविण्याचे मर्म कळले.

वर्ग कोण पाहील?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. तो सर्वांत वजनदार आहे. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक दहा-बारा दिवस बाहेर गेला, तर चार इयत्ता एकावर पडतात. मुलांचे तेवढे दिवस खरोखरच उणे होतात. ते नाकारण्यात अर्थ नाही.

ह्यावर मार्ग असे : शक्यतो सुटीच्या काळातील वर्ग निवडावा. एका केंद्रातील शाळांनी आपसांत ठरवून दरवर्षी एकेका शाळेतील शिक्षक पाठवावा आणि त्या मुदतीत शेजारच्या मोठ्या शाळेने मदत द्यावी. सहकाऱ्याला आठवड्याचे टाचण करून द्यावे व वरच्या इयत्तेतील मुलांकडे खालच्या वर्गाचे वाचन सोपवावे. तरीही काही भार राहतोच. तो मुले आणि सहकारी उचलतात. म्हणजे शिक्षकाला जे विनामूल्य मिळाले, त्याचे मूल्य कोणीतरी दिलेलेच असते. ही जाणीव मनात ठेवून जो कार्यशाळेला बसेल, त्याला तेथील एकही तास वाया घालवावासा वाटणार नाही.

परतल्यावर

प्रशिक्षणाची खरी परीक्षा परत आल्यावर सुरू होते. पुष्कळदा असे घडते, की शिक्षक परत येतो, प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लागते, टिपणांची वही कपाटात जाते, आणि पंधरा दिवसांत सर्व पूर्ववत होते. शिक्षकाला आळस असतो असे नव्हे. एकाच वेळी सगळे करून दाखविण्याचा संकल्प केला जातो आणि तो पेलत नाही. म्हणून संकल्प लहान करावा, पण मोडू नये. पुढील क्रम शक्य कोटीतील आहे.

१. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक गीत वर्गाला सांगावे. ताजेपणी जे सांगितले जाते ते टिकते.

२. वेळापत्रकात आठवड्यातून दोन वेळा वीस-वीस मिनिटे ठरवून ठेवावीत. उरलेल्या वेळात गाणे घेऊ, असे म्हटले की वेळ कधी उरत नाही.

३. एका सत्रात पाच गीते आणि एक सामूहिक नृत्यप्रकार, एवढेच ध्येय ठेवावे. त्यांत एक गीत दुसऱ्या भारतीय भाषेतील असावे, आणि एक गावातील वृद्ध बाईकडून ऐकून घेतलेले असावे. जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, त्या स्त्रिया गावोगाव थोड्या उरल्या आहेत. त्यांना सन्मानाने शाळेत बोलवावे.

४. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून घ्यावा आणि शिकलेले एक गीत सहकाऱ्यांकडून म्हणवून घ्यावे. भाषण करू नये. तीस शिक्षकांनी एक गीत उचलले, तर ते दुसऱ्या आठवड्यात तीस वर्गांत पोहोचते.

५. कार्यक्रमासाठी निवडक मुले पुढे काढण्याचा मोह टाळावा. व्यासपीठावर आठ मुले छान नाचली आणि बत्तीस मुले समोर बसून राहिली, तर तो कार्यक्रम झाला, शिक्षण झाले नाही. ज्याचा पाय अधू आहे त्याला हातांच्या हालचाली आणि डफ द्यावा; ज्याला दिसत नाही त्याला गीताचा आरंभ द्यावा; ज्याला ऐकू येत नाही त्याचा हात ढोलकीच्या पुडीवर ठेवावा, म्हणजे ठेका त्याला कळेल.

साधनांची चिंता फारशी नको. पेटी-तबला असल्यास उत्तम. नसल्यास मडके, टिपऱ्या, झांजा आणि मुलांचे तळहात ह्यांवर सर्व आरंभ होऊ शकतो. बहुतेक गावांत भजनी मंडळ असते. त्यातील एखादा पखवाजी किंवा पेटीवाला महिन्यातून एकदा शाळेत आला, तर शाळेला साथ मिळते आणि गावाला शाळा आपली वाटते.

शेवटी एक गोष्ट. कार्यशाळेहून परत आलेल्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी वर्गात एक शोध घ्यावा : गाणे चालू असताना कोणाचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही? असे एक मूल तरी सापडेल. त्याच्याजवळ उभे राहावे, त्याच्या गळ्याला सोसेल अशी पट्टी धरावी, आणि सर्वांबरोबर गाण्याला प्रारंभ करावा. लगेच स्वर लागेलच असे नाही. आठ दिवस लागतील, महिनाही लागेल. ज्या दिवशी त्याचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळून ऐकू येईल, त्या दिवशी आपल्या प्रशिक्षणाच्या शुल्काचा पहिला हप्ता फिटला असे समजावे.

यंदा असे पत्र शाळेत आले, तर ते नस्तीत घालण्यापूर्वी शिक्षक-बंधुभगिनींनी एवढा विचार अवश्य करावा, अशी विनंती आहे.